न वाढणारा स्नायू : प्रस्तावना

जन्माच्या वेळी बाळाच्या मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या जातात, तेव्हा इजा नसेला होते. पुढची तीस-चाळीस वर्षे ते मूल जे वागवत राहते, ते मात्र बहुतेक स्नायूचे आणि सांध्याचे दुखणे असते. शाळेत जाणाऱ्या मुलीचा हात वेणीपर्यंत पोचत नाही. देवळात तीर्थ घ्यायला तळहात वर होत नाही. घास तोंडाकडे नेताना कोपर बाजूला उंच उचलावे लागते, आणि पंगतीत ते शेजारच्याला लागते. तिची नस तपासली तर ती बऱ्यापैकी सावरलेली आढळू शकते. बोटे चालतात, मूठ वळते, दंडाला बळही असते. अडते ते खांद्यात आणि कोपरात. नस परत आली तरी हात पूर्ण परत का आला नाही, या प्रश्नाभोवती हे सगळे शास्त्र उभे आहे. त्यात नव्याने पाऊल टाकणाऱ्याच्या स्वागतासाठी ही प्रस्तावना लिहिते आहे.

लिहिताना काही माणसे डोळ्यांपुढे आहेत. फिजिओथेरपीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाची विद्यार्थिनी, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा बालरोगतज्ज्ञ, प्रसूतिगृहातली परिचारिका, आशाताई. आणि अर्थातच असे बाळ मांडीवर घेऊन बसलेली आई आणि तिच्या शेजारी बसलेली आजी. हा विषय फक्त शल्यचिकित्सकांचा आहे असे समजून बाकीच्यांनी बाजूला राहू नये, असे मला फार मनापासून वाटते. या मुलांचे निम्मे भवितव्य शस्त्रक्रियेच्या टेबलावर ठरतच नाही. ते घरात, अंथरुणावर, न्हाऊ घालताना आणि झबले चढवताना ठरते.

आधी इजा समजून घेऊ. मानेच्या मणक्यांमधून चार आणि छातीच्या पहिल्या मणक्याजवळून एक अशी नसांची पाच मुळे दोन्ही बाजूंना निघतात, एकमेकांत मिसळतात, पुन्हा वेगळी होतात आणि हासळीच्या हाडाखालून काखेत उतरतात. या जाळ्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. वरची दोन मुळे खांदा उचलतात, बाहेर वळवतात आणि कोपर वाकवतात. मधले मूळ कोपर आणि मनगट सरळ करते. खालची दोन बोटे चालवतात. बाळाचे डोके बाहेर आले आणि खांदा आईच्या जघनाच्या हाडामागे अडला, की मान आणि खांदा यांतले अंतर वाढते आणि सर्वांत आधी वरची मुळे ताणली जातात. त्यामुळे बहुतेक बाळांची बोटे हलत असतात, पण खांदा पडलेला आणि हात आत वळलेला असतो. पायाळू बाळातही ही इजा होते आणि तिथे कधी मूळ थेट मज्जारज्जूपासून उपटले जाते.

जगभरातल्या नोंदी पाहिल्या तर हजार जन्मांमागे साधारण एक ते तीन बाळांना ही इजा होते. बाळाचे वजन जास्त असणे, आईला मधुमेह असणे, खांदा अडणे ही माहीत असलेली कारणे. पण अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत निम्म्याहून अधिक बाळांच्या बाबतीत असे कुठलेच कारण सापडले नव्हते. हे मी मुद्दाम लवकर सांगते आहे. आपल्याकडे बाळाच्या अंगात काही उणे निघाले की पहिला सवाल सुनेला केला जातो. ग्रहण पाळले नाही का, जड उचलले का, कळा नीट दिल्या नाहीत का. या इजेशी ग्रहणाचा संबंध नाही आणि आईच्या चुकीचाही नाही. दोषाची चर्चा घरात सुरू झाली की ती बाळाच्या व्यायामाचे आठवडे खाऊन टाकते, म्हणून ती पहिल्या दिवशीच थांबवणे हा उपचाराचा भाग समजावा.

या इजेची नोंद जुनी आहे. इंग्लंडमधले प्रसूतितज्ज्ञ विल्यम स्मेली यांनी लिहिलेली, जन्मानंतर हात लुळे पडलेल्या बाळाची हकीकत 1764 मध्ये प्रसिद्ध झाली. फ्रान्सच्या ड्युशेन यांनी 1872 मध्ये आणि जर्मनीच्या एर्ब यांनी 1874 मध्ये वरच्या मुळांच्या इजेचे वर्णन केले, आणि आजही डॉक्टर तिला एर्ब्ज पाल्सीच म्हणतात. खालच्या मुळांच्या इजेचे वर्णन 1885 मध्ये पॅरिसमध्ये शिकणाऱ्या ऑगस्टा क्लुम्पके या तरुणीने केले. स्त्रियांना रुग्णालयातल्या जागांसाठी झगडावे लागत होते, त्या काळातली ही गोष्ट. 1903 मध्ये ग्लासगोच्या रॉबर्ट केनेडी यांनी तुटलेली मुळे शिवण्याचा प्रयत्न प्रसिद्ध केला. आणि 1913 मध्ये फेअरबँक यांनी दाखवून दिले की या मुलांचा खांदा कालांतराने मागच्या बाजूला सरकतो. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच प्रश्न नसेपुरता उरला नव्हता. तरी कितीतरी दशके वैद्यकाचे लक्ष नसेवरच खिळून राहिले आणि स्नायूकडे पाहण्याची पाळी फार उशिरा आली.

स्नायू का आखडतो, याचे उत्तर बराच काळ एकच दिले जाई. एका बाजूचे स्नायू लुळे, दुसऱ्या बाजूचे शाबूत. शाबूत बाजू ओढत राहते आणि सांधा तिकडेच अडकून बसतो. ऐकायला हे पटते. पण ज्यांनी ही मुले रोज हाताळली, त्यांना त्यात खोट जाणवत होती. वरच्या मुळांच्या इजेत कोपर वाकवणारे स्नायू दुबळे असतात आणि सरळ करणारा स्नायू बरा असतो. असमतोलाचा नियम खरा असता तर कोपर सरळ अडकायला हवे होते. प्रत्यक्षात ही मुले चार-पाच वर्षांची झाली की त्यांचे कोपर वाकलेल्या स्थितीत अडकते. दुबळा स्नायूच आखडतो. खांद्यातही तेच. खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या पृष्ठभागावर सबस्कॅप्युलॅरिस नावाचा स्नायू असतो, त्याचे काम दंड आत वळवणे. एमआरआय काढल्यावर हाच स्नायू सर्वांत रोडावलेला दिसतो, आणि खांदा बाहेर वळू न देणाराही हाच.

या कोड्याची उकल गेल्या पंधरा वर्षांत मुख्यतः अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात रॉजर कॉर्नवॉल, सिया निकोलाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. त्यांनी नवजात उंदरांच्या हाताची नस तोडली आणि स्नायूचे काय होते ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. माझ्या मते या क्षेत्रात शिकण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट इथे आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबते.

स्नायूचा प्रत्येक तंतू सार्कोमियर नावाच्या बारीक एककांची एकामागे एक लागलेली ओळ असतो. एका सार्कोमियरची लांबी मिलिमीटरच्या साधारण चारशेव्या भागाइतकी. बाळ जन्मते तेव्हा पन्नास सेंटिमीटरच्या आसपास असते आणि वर्षभरात पंच्याहत्तरच्या आसपास पोचते. हाडे इतक्या वेगाने लांबत असताना स्नायूलाही लांबावे लागते, आणि ते तो ओळीच्या टोकाला नवे सार्कोमियर जोडून करतो. नसेपासून तुटलेला नवजात स्नायू नेमके हेच काम करणे सोडतो. हाड वाढत जाते, सार्कोमियरची संख्या मागे राहते, आणि असलेला प्रत्येक सार्कोमियर ओढून ताणून लांब होतो. शेवटी त्याची ताणण्याची मर्यादा संपते आणि सांधा तिथेच अडतो. सहा महिन्यांपूर्वी शिवलेले झबले बाळाला घट्ट होते तेव्हा कापड आटलेले नसते, बाळ वाढलेले असते. आखडलेल्या स्नायूचे तसेच आहे. तो आटून आखूड झालेला नसतो, वाढीत मागे राहून आखूड ठरलेला असतो.

हे समजले की बऱ्याच गोष्टी जागेवर बसतात. मोठ्या माणसाची नस तुटली तर स्नायू वाळतो, पण असा आखडत नाही, कारण त्याची हाडे आता वाढत नसतात. नवजात बाळात हे इतक्या झपाट्याने का होते, तेही कळते. पहिल्या वर्षात शरीर जितके लांबते तितके पुढे कधीच लांबत नाही. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर परत वाढते. बाळाच्या मानेपासून दंडातल्या स्नायूपर्यंतचे अंतर दहा-बारा सेंटिमीटर धरले तर तिथे पोचायला तिला तीन-चार महिने लागतात. म्हणजे वाढीचा सर्वांत वेगवान काळ स्नायू नसेविना काढतो. नस नंतर येऊन पोचली, स्नायू हलू लागला, सगळे आनंदले, तरी मागे राहिलेली लांबी आपोआप भरून निघत नाही. प्रस्तावनेच्या सुरुवातीला जिच्याबद्दल लिहिले त्या मुलीच्या खांद्यात हेच घडलेले असते.

याच शोधाची दुसरी बाजू अधिक विलक्षण आहे. सर्वांत भयंकर इजा म्हणजे मूळ मज्जारज्जूपासून उपटले जाणे. अशा स्नायूला हालचालीचा हुकूम कधीच पोचत नाही. तो पूर्ण लुळा राहतो. तरीही प्रयोगात असे दिसले की तो फारसा आखडत नाही. कारण संवेदनेच्या नसेची पेशी मणक्याच्या बाहेर एका गाठीत असते. मूळ त्या गाठीच्या आतल्या बाजूला उपटले तर पेशी आणि स्नायू यांचा संबंध शाबूत राहतो. स्नायूच्या आत ताण मोजणाऱ्या बारीक चात्यांसारख्या रचना असतात, त्यांना स्पिंडल म्हणतात, आणि त्या संवेदनेच्या नसेवर जगतात. म्हणजे स्नायूला वाढत ठेवण्यात फक्त हुकुमाचा वाटा नसून संवेदनेच्या जिवंत जोडणीचाही आहे. इजा गाठीच्या बाहेर असेल तर दोन्ही तुटतात आणि वाढ थांबते. ज्या बाळाची इजा तुलनेने सौम्य, त्याचा स्नायू अधिक आखडू शकतो, हे पहिल्यांदा वाचताना विचित्र वाटते. दवाखान्यात पाच-सात मुले एकापाठोपाठ तपासली की पटते.

2019 मध्ये याच गटाने आणखी एक पाऊल टाकले. नसेविना राहिलेल्या नवजात स्नायूत प्रथिने तयार होतात, पण ती मोडून टाकण्याचे काम बेसुमार वाढलेले असते. पेशीतली ही मोडतोड करणारी यंत्रणा रोखणारे एक औषध रक्ताच्या कर्करोगात वापरतात, त्याचे नाव बोर्टेझोमिब. ते उंदराच्या पिलांना दिल्यावर स्नायू लांबत राहिले आणि सांधे आखडले नाहीत. बातमी मोठी आहे, पण तिची मर्यादाही तितक्याच ठळकपणे सांगायला हवी. हे विषारी औषध आहे. बाळांसाठी ते उपचार म्हणून मान्य नाही आणि कोणत्याही पालकाने त्याच्या मागे लागू नये. त्याचे महत्त्व इतकेच की आखडणे हे अटळ प्राक्तन नाही, ते रोखता येणारी जैविक प्रक्रिया आहे, हे पहिल्यांदा सिद्ध झाले.

आता खांद्याकडे येऊ. सबस्कॅप्युलॅरिस मागे राहिला की दंडाच्या हाडाचा गोल माथा आत वळलेल्या स्थितीत दाबून धरला जातो आणि हळूहळू खोबणीच्या मागच्या काठाकडे सरकतो. बाळाची खोबणी अजून कूर्चेची, मऊ असते. माथा जिथे दाबेल तिथे ती घडते. मागचा काठ झिजतो, खोबणी चपटी होते, आणि मग ती मागे सरकलेली जागाच माथ्याची नैसर्गिक जागा बनते. हे सारे पहिल्या वर्षात, काही बाळांत तर पहिल्या सहा महिन्यांत घडते. एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही, म्हणून या वयात साध्या एक्स-रेवर विसंबून खांदा ठीक आहे असे म्हणणे धोक्याचे आहे. सोनोग्राफीत माथा आणि खोबणी दोन्ही दिसतात.

पण त्याआधी एक तपासणी आहे आणि तिला यंत्र लागत नाही. बाळाला उताणे निजवावे. दंड बरगडीला टेकलेला, कोपर काटकोनात वाकलेले. एका हाताने खांद्याचा फरा धरून स्थिर ठेवावा आणि दुसऱ्या हाताने बाळाचा पुढचा हात सावकाश बाहेरच्या दिशेला वळवावा. मग दुसरा हात तसाच वळवून पाहावा. चांगला हात जवळजवळ अंथरुणाला टेकतो. दुसरा त्याच्या अलीकडे अडत असेल, आणि गेल्या महिन्यापेक्षा लवकर अडत असेल, तर सांधा सरकू लागला आहे असे समजून पुढच्या तपासणीला पाठवावे. फरा धरायला विसरलात तर फराच फिरतो आणि खांदा मोकळा असल्याचा भास होतो. विद्यार्थ्यांची सर्वांत जास्त फसगत इथे होते. माझा आग्रह आहे की ही तपासणी करणाऱ्याने अंश लिहून ठेवावेत. 'ठीक आहे' या शेऱ्यावरून पुढच्या महिन्यात काहीच कळत नाही.

हे सगळे वळसंगहून लिहिण्याला कारण आहे. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचे हे दक्षिण सोलापूर तालुक्यातले गाव. वाटेत कुंभारीला अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, पुढे शहरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे मोठे रुग्णालय. म्हणजे वैद्यकीय मदत या गावापासून फार लांब नाही. अडचण दुसरीकडे आहे. इथल्या घरांत कन्नड बोलतात, शाळेत आणि कचेरीत मराठी, सोलापुरात पूर्वभागात तेलुगू. सोयरिकी इंडी, अफझलपूर, आळंदपर्यंत जातात. पहिले बाळंतपण माहेरी. सून माहेरी बाळंत होते, बारसे तिथेच होते, सव्वा महिना, तीन महिने, कधी पाच महिने ती तिथे राहते आणि मग बाळाला घेऊन सासरी येते. जिने बाळाचा हात पहिल्यांदा पाहिला ती आशाताई एका गावची, आणि ज्या गावात बाळ वाढणार तिथली दुसरी. कधी कधी तर मध्ये राज्याची सीमाही असते. एकीच्या वहीतली नोंद दुसरीला मिळत नाही.

हे मला नुसते सामाजिक निरीक्षण वाटत नाही, त्याचा उपचाराशी थेट संबंध आहे. पॅरिसचे अलँ जिल्बेर यांनी विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत मांडलेला आणि अजूनही आधाराला धरला जाणारा निकष असा, की तीन महिन्यांपर्यंत दंडातला बायसेप्स हलू लागला नाही तर नसेच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा. टोरांटोचे तज्ज्ञ काही बाळांच्या बाबतीत नवव्या महिन्यापर्यंत थांबतात. त्या वयात बाळाच्या हातात बिस्किट देतात आणि दंड अंगालगत धरून ते तोंडापर्यंत नेता येते का ते पाहतात. दोन्ही मतांना आधार आहे आणि वाद अजून मिटलेला नाही. पण दोघांनाही एक गृहीत धरावे लागते, की तीच नजर तेच बाळ वेळोवेळी पाहते आहे. आपल्याकडे तिसऱ्या महिन्याचा हा निर्णायक टप्पा नेमका माहेर-सासरच्या प्रवासात हरवतो.

'वाट पाहू, आपोआप येईल' हे वाक्य प्रत्येक आईला ऐकायला मिळते. त्यात तथ्य आहे. बहुसंख्य बाळांचा हात पहिल्या काही आठवड्यांत बराच सुधारतो. पण पूर्वी नव्वद टक्के मुले पूर्ण बरी होतात असे सांगितले जाई, ते आता टिकत नाही. काळजीपूर्वक केलेले आढावे सांगतात की वीस ते तीस टक्के मुलांत काही ना काही कमतरता कायम राहते. लक्ष ठेवून वाट पाहणे आणि नुसते वाट पाहणे यांतल्या फरकातच या मुलांच्या खांद्याचा प्रश्न आहे. महिनाभरात हात पूर्ण हलू लागला नाही तर बाळ या विषयातल्या जाणकाराने पाहिले पाहिजे. याला पर्याय नाही.

महाराष्ट्रात असे जाणकार आहेत, आणि हे या पुस्तकाच्या वाचकाला ठाऊक हवे. मुंबईला बॉम्बे हॉस्पिटलमधले प्लास्टिक सर्जन डॉ. मुकुंद थत्ते आणि बालअस्थिरोगतज्ज्ञ डॉ. ऋजुता मेहता यांनी 2011 मध्ये इंडियन जर्नल ऑफ प्लास्टिक सर्जरीत या इजेचा सविस्तर आढावा घेतला. आपल्या देशातल्या परिस्थितीत हा आजार कसा हाताळावा हे समजून घ्यायला तो आजही सुरुवातीला वाचण्याजोगा आहे. पुण्यात डॉ. अनिल भाटिया यांनी ब्रेकियल प्लेक्ससच्या शस्त्रक्रियांत आयुष्याची मोठी वर्षे घातली आहेत. फिजिओथेरपीच्या शिक्षणाची भारतातली पहिली शाळा 1953 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली. मुंबईला हाजी अलीजवळ पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था 1955 पासून आहे. ज्ञान आपल्याजवळ आहे. ते सोलापुरापासून अडीचशे-चारशे किलोमीटर लांब बसले आहे, आणि वळसंगच्या आईपर्यंत तिच्या भाषेत पोचलेले नाही.

शस्त्रक्रियेबद्दल इथे थोडक्यातच लिहिते, कारण पुढची प्रकरणे त्यासाठीच आहेत. तुटलेल्या नसेचा खराब भाग काढून तिथे पायाच्या पोटरीतली संवेदनेची नस जोडतात, किंवा जवळची चालू नस वळवून बंद स्नायूला देतात. नस जोडायची तर ती वेळेत. स्नायूवरची नसेची जागा साधारण दीड-दोन वर्षांत निकामी होते. खांद्यासाठी आखडलेल्या स्नायूत बोट्युलिनम टॉक्सिनची सुई, स्नायू सैल करणे, पाठीचा स्नायू वळवून दंड बाहेर फिरवण्याच्या कामी लावणे असे पर्याय वयानुसार येतात. कॅनडात व्हँकुव्हरच्या गटाने दंड बाहेर आणि तळहात वर ठेवणारा पट्टा लहान बाळांसाठी बनवला आणि 2014 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तो आपल्याकडच्या कारागिरांना बनवता येण्याजोगा आहे असे मला वाटते, आणि कोणी तरुण ऑक्युपेशनल थेरपिस्टने हे काम अंगावर घ्यावे.

घरातल्या गोष्टींवर मात्र सविस्तर लिहायला हवे. आपल्याकडे बाळाला तेल लावून न्हाऊ घालण्याची रीत आहे. ही रीत या मुलांसाठी वरदान ठरू शकते, कारण रोज ठरलेल्या वेळी कोणीतरी अनुभवी हात बाळाचा हात हलवतो. पण तो कसा हलवायचा हे त्या आजीला किंवा न्हाऊ घालणाऱ्या बाईला कोणी सांगत नाही. झटके देऊन दोन्ही हात छातीवर ओढणे, काखेत धरून उचलणे, हाताला धरून लोंबवणे हे बंद. पहिला आठवडा-दहा दिवस हात शांत ठेवावा, आणि हासळीचे हाड मोडले नाही ना हे पाहून घ्यावे. नंतर दिवसातून तीन-चार वेळा, लंगोट बदलताना, फरा धरून दंड सावकाश बाहेर वळवावा, तळहात वर करावा, कोपर सरळ करावे, हात डोक्याकडे न्यावा. झबले घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. दुपट्यात घट्ट गुंडाळताना दोन्ही हात पोटावर दाबून बांधतात. त्यात खांदा तासन्‌तास आत वळलेला राहतो, म्हणून या बाळाचा तो हात गुंडाळण्याबाहेर ठेवावा.

अशा हालचालींनी स्नायूची वाढच सुरू होते, असा दावा कोणी करू नये. उंदरांवरचे काम पाहता ताण दिल्याने सार्कोमियर जोडले जातीलच असे म्हणता येत नाही. पण सांधा मऊ ठेवणे, माथा खोबणीत मध्यभागी राखणे आणि नस परतेपर्यंत वाट मोकळी ठेवणे या गोष्टी साधतात. शिवाय रोज हात वळवणाऱ्या आईला, हात कालपेक्षा लवकर अडतो आहे हे कोणाही तज्ज्ञाच्या आधी कळते. घरच्या व्यायामाचे हे दुसरे मूल्य मला पहिल्याइतकेच मोठे वाटते.

सार्वजनिक आरोग्याच्या बाजूने महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे काम आहे. घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने उभी केली, 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने ती जगापुढे मांडली, आणि 2011 मध्ये ती देशभर आशांच्या कामात आली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. 2013 मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात तपासायच्या दोषांच्या यादीत वाकडे पाऊल आहे, फाटलेला ओठ आहे, निखळलेला खुबा आहे. जन्मतः नस दुखावलेल्या हाताला स्वतंत्र ओळ नाही. तो स्नायू-चेतातंतूंच्या बिघाडाच्या व्यापक मथळ्याखाली आला तर येतो. वाकड्या पावलाला यादीत जागा मिळाली, आणि ते पाऊल वेळेत प्लास्टरखाली जाऊ लागले. या हातालाही तशी ओळ मिळायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ती ओळ मिळेपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. आपल्या देशात जवळजवळ प्रत्येक आई, माहेरी असो की सासरी, बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला लसीसाठी घेऊन येते, आणि पुन्हा नवव्या महिन्याला गोवर-रुबेलासाठी येते. सहावा आठवडा म्हणजे महिनाभरात न सुधारलेला हात पकडण्याची वेळ. चौदावा आठवडा म्हणजे जिल्बेर यांचा तीन महिन्यांचा निकष. नववा महिना म्हणजे टोरांटोची बिस्किटाची परीक्षा. नव्या फेऱ्या नकोत, नवे केंद्र नको. माता आणि बाल संरक्षण कार्ड आईच्या पिशवीत माहेरहून सासरी येतेच. त्याच कार्डावर, लसीच्या तारखेशेजारी, दोन्ही खांदे किती अंश बाहेर वळतात आणि कोपर वाकते का, एवढे दोन शब्द लिहिले, तर एका आशाताईने पाहिलेले दुसरीपर्यंत पोचेल, सीमा ओलांडूनही पोचेल.

पुढची प्रकरणे स्नायूची रचना, तपासणी, चित्रण, शस्त्रक्रिया आणि पुनर्वसन या क्रमाने जातात. क्रम सोडून वाचायला हरकत नाही. आईने घरच्या हालचालींच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, विद्यार्थ्याने सार्कोमियरपासून. या क्षेत्रात तुम्हाला करण्यासारखे पुष्कळ उरले आहे. मराठीत आणि कन्नडमध्ये चित्रांसह सूचनापत्र हवे आहे. स्वस्त पट्टा हवा आहे. आपल्या जिल्ह्यांतल्या बाळांची नीट ठेवलेली, वर्षानुवर्षे चालणारी नोंद हवी आहे. यातले काय उचलायचे ते तुम्ही ठरवा. पण पुढच्या लसीकरणाच्या दिवशी जे पहिले बाळ तुमच्या हाती येईल, त्याचे दोन्ही हात फरा धरून बाहेर वळवून पाहा आणि अंश कार्डावर लिहा.

वळसंग, ता. दक्षिण सोलापूर